सोनकीच्या दिवसांत रतनगड

सप्टेंबरचा तिसरा आठवडा लागला की अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर फुलांची एकच लगबग सुरू होते. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. तासभर ऊन पडतं, पुन्हा ढग उतरतात, पुन्हा एखादी सर येऊन जाते. जूनमध्ये उगवलेली आणि जुलै-ऑगस्टची झड सोसून वाढलेली रोपं याच दिवसांत फुलतात, बी धरतात आणि संपून जातात. दिवाळीनंतर याच वाटेनं गेलात तर गवत पिवळं पडलेलं असतं आणि पायाखाली कोरडा कातळ असतो. तेव्हा बघायचं ते या तीन-चार आठवड्यांतच.

रतनगडावर माणसं एरवीही जातात, भरपूर जातात. शिड्या, नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, वरून दिसणारं भंडारदऱ्याचं पाणी यांच्या ओढीनं जातात, आणि ते सगळं त्या ओढीच्या लायकीचं आहेच. आम्ही मात्र या वेळी निघालो ते केवळ फुलांसाठी. पुण्याहून पंचवीसेक जण. त्यात एक तरुण डॉक्टर, कंपनीतून सुटी काढून आलेलं एक जोडपं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सातवीतली एक मुलगी आणि तिची आई. बरोबर आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या मॅडम. निघण्याआधीच मॅडमनी सगळ्यांना एक अट कळवली होती: माथ्यावर पोचलंच पाहिजे असं मनात धरून कुणी यायचं नाही, जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबायचं. ती वाचून दोघांनी नाव मागे घेतलं. मला विचाराल तर फुलांच्या भटकंतीला ही अट असायलाच हवी. पंचवीस माणसांतल्या एकालाही घड्याळाकडे बघायची सवय असली की त्याचा वेग हळूहळू सगळ्यांच्या पायांत उतरतो आणि मग फुलं नुसती रंगाचे ठिपके होऊन बाजूनं निघून जातात.

रतनवाडीला आमचा मुक्काम एका मामांच्या घरी होता. गडावर आम्हाला नेणारे वाटाडेही तेच. रात्री पोचलो तेव्हा पाऊस लागला होता, काही दिसलं नाही. सकाळी मागचं दार उघडून बाहेर आलो तर पहिली फुलं भेटली ती शेतात. खाली भाताची खाचरं आणि त्यांच्या वर, जिथे पाणी ठरत नाही त्या उतरत्या जमिनीवर खुरासणी फुललेली. सगळा उतार पिवळा. मॅडम बांधावरच थांबल्या. त्यांना कुणाच्या पिकाला हात लावायचा नव्हता, ते मामांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनीच एक फूल खुडून मॅडमच्या हातावर ठेवलं.

मॅडमनी ते आम्हा चार-पाच जणांना जवळ बोलावून उघडून दाखवलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती फुलांची वस्ती असते. मधल्या गोल चकतीत बारीक बारीक नळ्या दाटीनं उभ्या होत्या, त्यातली प्रत्येक नळी म्हणजे एक पुरतं फूल. कडेची जी पाकळी वाटते तीही एकेक फूलच, किड्यांना लांबून दिसावं म्हणून एका बाजूनं ओढलं गेलेलं. नळ्या कडेकडून उमलत मध्याकडे येतात, त्यामुळे माशीला त्याच ठिकाणी रोज थोडं थोडं ताजं मिळत राहतं. सूर्यफुलाचं, झेंडूचं, शेवंतीचं सगळ्यांचं घराणं हेच. "वर सोनकी भेटेल तेव्हा हे आठवा," मॅडम म्हणाल्या. "ती हिचीच बहीण."

मामा ऐकत होते. म्हणाले, "याचं तेल निघतं, बाई. चटणीबी करतो. पेंड जनावराला."

पुढे दिवसभर हे असंच चालू राहिलं. मॅडम रोपाची रचना सांगायच्या, मामा त्याचं काय होतं ते सांगायचे. दोघांपैकी कुणीही एकमेकांना खोडून काढलं नाही. उलट एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं, आणि आम्ही दोघांच्या मध्ये उभे.

अमृतेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. काळ्या दगडातलं, कोरीव कामानं भरलेलं. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख हवा. तिथे माथा टेकवून आम्ही ओढ्याच्या कडेनं निघालो. ओढा म्हणायचं, पण ही प्रवरा. रतनगडाच्या कुशीत उगम पावून पुढे भंडारदऱ्याच्या धरणात जाते. १९२६ साली हे धरण पुरं झालं आणि तेव्हापासून खालच्या उसाच्या पट्ट्याचं पाणी इथल्या डोंगरातून जातं. ही प्रवरा आम्ही गुडघाभर पाण्यातून दोन-तीनदा ओलांडली. पाणी थंडगार आणि तळाचे खडे मोजता येतील इतकं नितळ.

मग रान सुरू झालं. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर, मध्येच एखादा प्रचंड वेल झाडांना गुंडाळत वर गेलेला. हिरड्यावर इथल्या कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च चालतो. कोवळा असताना गोळा करून वाळवायचा आणि विकायचा. शेकरूचं घरटं मामांनी दाखवलं, स्वतः शेकरू काही त्या दिवशी दिसलं नाही. रानात फुलं कमीच. आभाळ पानांनी झाकलेलं, उजेड खाली पोचतो तो गाळून गाळून. अशा जागी शेवाळ आणि नेचे माजतात. फूल दिसतं ते एखादं झाड उन्मळून पडलं असेल तिथे. वर भोक पडतं, उजेडाचा पट्टा खाली येतो आणि तेवढ्याच तुकड्यात तेरडा गच्च उगवलेला असतो. पाच पावलं पलीकडे एक रोप नाही. मी हे आधीही कितीदा पाहिलं असेन, पण उजेडाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. मॅडमनी वर बोट दाखवलं तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना वर झाल्या.

तेरड्यापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. गुलाबी फुलाच्या मागे एक बारीक, वाकडी शेपटी असते. मध असतो तो त्या शेपटीच्या टोकाला. तिथवर ज्याची सोंड पोचेल त्याचं ते फूल. फुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला परागांची टोपी असते आणि आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर ती पराग फासते. त्या टोपीखालून नंतर स्त्रीकेसर मोकळं होतं. म्हणजे एकाच फुलात आधी देण्याचे दिवस आणि मग घेण्याचे. मुलीला शेंगांचा खेळ आपोआप सापडला. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फटकन वळते आणि बिया चार हात लांब उडतात. तिची आई म्हणाली, "आमच्याकडे गौर म्हणून तेरडाच आणतात, मुळांसकट. पण मी तो कायम बाजारातून आणलेला पाहिला." एवढं बोलून ती खाली बसली आणि तिनं एका रोपाच्या देठाला हलकेच हात लावला. लालसर, रसरशीत, पाण्यानं भरलेला देठ. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, ते एकेका फुलाबद्दल खरं आहे. रोप मात्र दिवसामागून दिवस फुलत राहतं.

रानाच्या कडेला, झुडपांवर चढलेली कळलावी भेटली. तिच्या पानांची टोकंच पुढे लांबून तणाव्यासारखी वळतात आणि शेजारच्या काटकीला धरतात. पाकळ्या पिवळ्याच्या लाल होत जातात, मागे उलटतात आणि सहाही पुंकेसर चहूबाजूंनी बाहेर येतात. कंद मात्र जहरी. मामांनी मुलीला निक्षून सांगितलं, बघायची, तोंडात काही घालायचं नाही.

आणि मग कारवी.

रान संपत येतं आणि चढ उभा होतो तिथे दोन्ही बाजूंनी कारवीची दाटी सुरू होते. डोक्याच्या वर गेलेल्या काठ्या, करवती काठाची खरखरीत पानं, मध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी वाट. फूल एकही नाही. गटातल्या दोघा-तिघांचा थोडा हिरमोड झाला, कारण कारवीचे जांभळे फोटो बघूनच ते आले होते. पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काही कळलं असेल तर ते या बिनफुलांच्या जाळीत.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. एका डोंगरावरची बहुतेक सगळी कारवी एका वयाची असते. एकाच पावसाळ्यात ती उगवते, वर्षानुवर्षं नुसती काठी आणि पानं वाढवते, आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळी मिळून फुलते. फुलली की मरते. बिया इतक्या पडतात की खाणाऱ्यांनी कितीही खाल्ल्या तरी उरतात, हा त्या एकत्र फुलण्यातला फायदा मानतात. दरवर्षी थोडी थोडी फुलली असती तर उंदीर-पाखरांनी दरवर्षीच फस्त केली असती. मॅडम हे सांगत असताना मामांनी एका काठीच्या बुंध्याला हात घातला, जाडी बघितली, म्हणाले, "अजून वेळ हाये हिला."

"मागच्या वेळी कशी होती, मामा?" कुणीतरी विचारलं.

"काय सांगायचं. समदा डोंगर जांभळा. आन माशांचा नुसता घों घों आवाज, घरात बसल्या जागी ऐकू यायचा. त्या सालचा मध काळा निघतो, घट्ट. मग वाळली. बोंडं तशीच राहत्यात काठीवर. दुसऱ्या साली पाऊस पडला ना, ती भिजून फुटत्यात. रानात उभं राहिलं की लाह्या फुटाव्या तशी तडतड, तडतड."

मॅडमनी मान डोलावली. बोंड कोरडं असेपर्यंत मिटलेलं राहतं आणि ओल लागली की ताणानं फुटून बिया फेकतं, म्हणजे बी जमिनीवर पडतं ते नेमकं रुजायच्या वेळेला. उन्हाळ्यातल्या वणव्यांतून आणि उंदरांपासून ते तोवर वाचलेलं असतं.

मामांच्या घराची एक भिंत कारवीच्या काठ्यांचीच आहे, शेणमातीनं सारवलेली. सकाळी आम्ही तिला टेकून चहा प्यायलो होतो. ते त्यांनी इथे जाळीत उभं राहून सांगितलं. काठ्या कधी तोडायच्या, किती जाडीच्या, कुठल्या सोडायच्या याचा त्यांचा हिशेब ऐकताना वाटलं की या डोंगराकडे सात-आठ वर्षांच्या मापानं बघणारी माणसं अजून आहेत. आम्ही शहरातली मंडळी या जाळीला 'या वर्षी काही नाही' म्हणून ओलांडून जातो. आजच्या पानांनी मिळवलेलंच पुढे त्या एका मोसमात खर्च होणार असतं.

कारवी ओलांडली की शिड्या. ओल्या होत्या आणि समोरून उतरणारेही होते, त्यामुळे वेळ गेला. बँकेतल्या काकांच्या गुडघ्यांनी तिथे नाही म्हटलं. डॉक्टर त्यांच्यासोबत खालीच थांबला. बाकीचे वर गेलो. दरवाजातला गणपती, वर गुहा, गुहेत आणखी दोन-तीन गटांचा स्वयंपाक चाललेला. तिथे न थांबता आम्ही सरळ गडाच्या मोकळ्या अंगावर आलो.

सोनकी.

मी तिचं वर्णन करायचं टाळलं असतं, कारण पिवळ्या गालिच्याचं वर्णन सगळेच करतात. पण उतारावर उभं राहिल्यावर जे दिसतं ते लांबूनच्या पिवळ्यापेक्षा पुष्कळ बारकं आहे. सोनकी सगळीकडे सारखी नसते. जिथे मातीचा थर थोडा जाड आहे, पाणी येतं पण थांबत नाही, तिथे ती गुडघाभर उंच आणि दाट. कातळ जवळ आला की ती खुजी होते, विरळ होते, आणि जिथे दगडावर पाणी साचून राहतं तिथे ती एकदम थांबते. ती थांबते त्या रेषेपासून दुसरीच मंडळी सुरू होतात. ही रेषा एकदा डोळ्यांना दिसली की मग सगळा माथा वाचता येतो. पिवळं दिसलं की तिथे माती आहे. पांढरं-जांभळं, जमिनीलगत दिसलं की तिथे कातळ आणि पाणी.

हा कातळ सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचून सह्याद्री झाला. त्याच्या माथ्यावर माती धरून ठेवायला काही नाही. चार महिने धो धो पाऊस पडतो आणि जी काही माती, जे काही सत्त्व असेल ते धुऊन नेतो. पावसाळ्यात हा दगड पाण्याखाली आणि एप्रिलमध्ये तव्यावर पाय ठेवल्यागत तापलेला. इथे जगायचं तर दोनच मार्ग. कंद किंवा बी होऊन आठ महिने निजून राहायचं, आणि उरलेल्या चारांत सगळं उरकायचं.

पाण्याच्या टाक्यांच्या वरच्या बाजूला एक ओलसर सपाट कातळ होता. मॅडमनी आम्हाला तिथे एका रांगेत बसवलं. उघड्या दगडावर पाय ठेवायचे, ओल्या मातीत नाही. मुलीच्या हातात भिंग दिलं. पहिली दोन मिनिटं कुणाला काही दिसेना. मग ती ओरडली, "हा मेलाय का?"

दवबिंदू नावाचं, किडे खाणारं रोप होतं ते. बोटभर उंचीचं रोप, लांब बारीक पानं, पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एक चिलट एका पानावर आडवं पडलं होतं आणि भोवतीचे केस त्याच्याकडे झुकलेले होते. पंख अजून थरथरत होते. आम्ही आळीपाळीनं वाकून पाहिलं. सगळे गप्प. पान हळूहळू त्याच्यावर वळणार आणि त्यातलं जे उपयोगी ते शोषून घेणार. या दगडावरच्या पाण्यात नत्र जवळपास नाही, ते मिळवायचा हा रस्ता.

त्याच्याच शेजारी सीतेची आसवं, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाहून लहान. या रोपाला मूळ नाहीच. ओल्या मातीत जे धागे पसरलेले असतात त्यांवर खसखशीच्या दाण्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणून ठेवलेली असते. तोंडाशी असलेल्या केसाला पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप उघडते, पाणी आत खेचलं जातं, त्याबरोबर तो जीवही. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे उरकलेलं असतं. वर दिसतात ती इतकी नाजूक फुलं आणि मातीत हे चाललेलं. त्यांच्या मधून मधून गेंदाचे पांढरे गोल गोंडे वाऱ्यावर डुलत होते, आणि दगडाच्या भेगेत जिथे चिमूटभर माती धरली होती तिथे आभाळीची निळी, केसाळ फुलं. कवळ्याची पिवळी फुलं बघताच मामा म्हणाले, "याची पाला-भाजी करत्यात, कोवळी असताना." मुलीला त्यात लाल ठिपक्यांचे दोन कान असलेला मिकी माउस दिसला. फुलाला याच नावानं बरेच जण ओळखतात.

त्या कातळापाशी आम्ही दीड-दोन तास होतो. पंचवीस जणांच्या डोळ्यांचा उपयोग मला तिथे कळला. एकट्यानं गेलो असतो तर मी सोनकी पाहिली असती आणि नेढ्याकडे निघालो असतो. इथे एकाला चिलट दिसलं, दुसरीला एका गेंदावर बसलेला कोळी दिसला, तिसऱ्यानं ओल संपते तिथपर्यंत चालत जाऊन कुठलं फूल कुठे संपतं ते सांगितलं. कंपनीतल्या जोडप्यातली ती सबंध वेळ एकाच आभाळीसमोर बसून होती. निघताना म्हणाली, या वेळात त्या एका फुलावर किती वेगवेगळ्या माश्या आल्या ते तिनं वहीत टिपलं. मॅडमनी तिची वही मागून घेऊन वाचली.

नेढ्याकडे जाताना मात्र जीव कळवळला.

वाट चिखलाची झाली की माणसं कडेनं चालतात. कडेचा चिखल झाला की आणखी कडेनं. नेढ्याखालच्या उतारावर अशा चार-पाच वाटा शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांच्या मधली सोनकी चिरडलेली होती. एक मोठा गट स्पीकर लावून बसला होता. फोटोसाठी फुलांत बसायचं, तिथून उठायचं, पुढच्यानं बसायचं, असं चाललेलं. ती बसायची जागा सपाट झाली होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. फुलं आवडली म्हणूनच ते त्यांत बसले. पण वितभर मातीवर शंभर माणसं चालली की ती दाबली जाते, पाणी मुरायचं थांबतं, पुढच्या पावसात तिथून माती निघून जाते आणि खालचा दगड उघडा पडतो. सोनकीला बी धरण्याआधी मोडलं तर पुढच्या वर्षी त्या जागी तिचं रोप येणं अवघड होतं. ज्या पठारावर वर्षाला चार महिने जगायला मिळतात त्या चार महिन्यांतले हे शनिवार-रविवार आपण त्यांच्यावर चालत घालवतो.

मला हे स्पष्ट म्हणायचं आहे की चिखलातून चालावं. बूट चिखलानं भरू द्यावेत, ते घरी धुता येतात. एकामागोमाग एक, वाट असेल तीच धरून. पश्चिम घाटातल्या जागांबरोबर साताऱ्याजवळचं कासचं फुलांचं पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलं, आणि तिथे पुढे गर्दीपायी आगाऊ नोंदणी आणि रोजच्या माणसांवर मर्यादा आणावी लागली. नाणेघाट, हरिश्चंद्रगड, रतनगड इथे सप्टेंबरच्या सुट्यांना अशी मर्यादा आली तर मी तिचं मनापासून स्वागत करेन, आणि माझा नंबर लागला नाही तर घरी बसेन. गावातल्या माणसांचं उत्पन्न त्यात बुडू नये याचा विचार आधी व्हायला हवा. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "थोडी माणसं आली आन दोन दिस राहिली तर आमाला तेच बरं." एका दिवसात पाचशे माणसं येऊन गडावर जाऊन परत गेली तर त्यातली कितीजण गावात जेवतात?

नेढ्यात वारा उभं राहू देत नव्हता. अलंग, मदन, कुलंग ढगात अर्धे दिसत होते, कळसूबाई मुळीच नाही. आजोबाचा डोंगर एकदा क्षणभर उघडला. तिथे फार थांबलो नाही.

शिड्या उतरून खाली आलो तर काका आणि डॉक्टर आमची वाट बघत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी सांगायचं होतं. आम्ही वर असताना ते शिड्यांखालच्या झुडपांत बसून होते. काकांनी एका झुडपावर चढलेल्या बारीक वेलीकडे बघत राहून तिच्यावर एक कंदीलपुष्प शोधलं होतं. मॅडम लगबगीनं गेल्या. लांबट नळी, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून केलेला छोटा पिंजरा. वासानं ओढून घेतलेली बारीक माशी नळीत घसरते. आतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही. ती तळाशी धडपडते, त्यात पराग तिला चिकटतात. दुसऱ्या दिवशी केस सुकतात आणि माशी सुटते, पराग घेऊन पुढच्या फुलाकडे. मारायचं नाही, फक्त एक दिवस ठेवून घ्यायचं.

मॅडमनी सगळ्यांना एकेक करून पाहू दिलं. फोटो काढा म्हणाल्या, पण जागा कुठेही टाकायची नाही. गडाचं नाव लिहा, वाट लिहू नका. या वेलींचा कंद खाणारेही आहेत आणि बागेत लावायला उपटून नेणारेही. म्हणून मीही इथे यापेक्षा जास्त लिहीत नाही. डॉक्टरनं त्यावर आपल्या फोनमधून जागेची नोंद सगळ्यांसमोर काढून टाकली.

संध्याकाळी घरी पोचलो, हातपाय धुतले आणि ओसरीवर यादी करायला बसलो. एका बाजूला मॅडमनी सांगितलेली नावं, दुसऱ्या बाजूला मामा-मामींनी सांगितलेली नावं आणि उपयोग. मामी आतून भाकरी थापता थापता बोलत होत्या. कोणत्या पाल्यात खाज असते आणि ती कशी मारायची, कुठल्या भाजीला चिंच लागते, कुठली फक्त पहिल्या पावसात खायची. जे फूल आम्ही आज बघितलं त्याचं कोवळं पान त्यांनी दोन महिन्यांपूर्वी शिजवून खाल्लेलं असायचं. तेरा नावांपाशी यादीतला दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला.

"तुमी आलात ते सरतं आलात," मामी म्हणाल्या. "मृगात या. शेवळं निघत्यात, चाई निघती. भारंगी, कुर्डू, फोडशी, समदं तवा. फुलं मागून."

"मामी, किती जण चालतील?" मॅडमनी विचारलं.

"धा-बारा या. जास्त नको, मला शेवळं निवडून द्यायला तुमाला बसवावं लागंल."

मॅडमनी वहीचं मागचं पान उघडून जूनचा शनिवार बघायला सुरुवात केली, आणि पहिलं नाव काकांनी दिलं.